बदामीला पहिला क्लाइंबिंग कोर्स करतोयस? मग हे वाच

बदामीला जायचं तर डिसेंबर-जानेवारीच धर, उन्हाळ्यात तो लाल सँडस्टोन असला तापतो की हात लावायला नको वाटतं. आडव्या खाचा भरपूर, होल्ड (हातापायाला पकड मिळेल अशा जागा) मस्त मिळतात, म्हणून नवखे नुसते हातांनी खेचत सुटतात आणि अर्ध्यात फोरआर्म भरून येतात, तू पायांवर वजन टाकायला शीक.

इन्स्ट्रक्टरकडून रूट (चढाईच्या वाटा) कमी झाले तरी चालतील पण बिले (चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळणं) आणि वरचा अँकर क्लीन करणं (वर पोचल्यावर रोप अडकवायच्या पक्क्या जागेतून आपलं सामान काढून घेणं) घोटून घे, हे अगदी कळकळीने सांगतोय. रोपची गाठ सोडायच्या आधी स्लिंगने (मजबूत पट्ट्याने) अँकरला लॉक आहेस ना ते वजन टाकून बघायचं, दर वेळी! बिले करताना ब्रेक हँड (रोप रोखून धरणारा हात) रोपवरून सुटता कामा नये, मग कोणी कितीही गप्पा मारो. आणि हो, पाऊस झाला असेल तर दगड पूर्ण वाळेपर्यंत थांब, ओल्या सँडस्टोनचे होल्ड तुटतात.