मुलाने इसाया थॉमसला परत घेतलं, आता सीएला बसवू का?

ताई, नमस्कार. मुलगा टीवायबीकॉमला, पहाटे पाचचा अलार्म लावून अमेरिकेची बास्केटबॉल लीग एनबीए बघतो (टीवायचा मुलगा स्वतःहून पाचला उठतो हेच मी पहिल्यांदा ऐकतोय), आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या इंटरव्ह्यूला त्याला विचारलं की २०१८ च्या उन्हाळ्यात तू बॉस्टन सेल्टिक्स टीमचा जनरल मॅनेजर (खेळाडू घेणारा-सोडणारा) असतास तर त्यांचा जुना खेळाडू इसाया थॉमसला परत घेतलं असतंस का, हा जोरात हो म्हणाला, मग "किती पैशात?" विचारल्यावर गप्प. सीट गेली, आणि आता तुम्ही विचारताय याला सरळ सीएला बसवू का.

थांबा जरा. हो म्हणाला त्यात नवल काहीच नाही. ५ फूट ९ इंचाचा माणूस, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) ६० वा म्हणजे अगदी शेवटचा, आणि २०१६-१७ मध्ये मॅचमागे जवळपास २९ पॉइंट. त्या एप्रिलमध्ये बहीण अपघातात गेली, दुसऱ्या दिवशी हा कोर्टवर. मग वॉशिंग्टनविरुद्ध पुढचा दात पडला, तासनतास डेंटिस्टच्या खुर्चीत, आणि लगेच पुढच्या मॅचला, बहिणीच्या वाढदिवशी, ५३ पॉइंट. हे लाइव्ह बघितलेला पोरगा नाही कसं म्हणेल?

पण त्याच सीझनला उजवा खुबा गेला. ऑगस्टमध्ये सेल्टिक्सने कायरी अर्विंग घेऊन याला क्लीव्हलँडला दिलं, तिथे मेडिकलवरून डील अडलं, बॉस्टनने वर एक सेकंड राउंड पिक (ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडायचा हक्क) टाकला तेव्हा कुठे सुटलं. तिथे १५ मॅच, मग लेकर्स टीम, मग मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन. उन्हाळ्यात त्याने झालं गेलं विसरून स्वतः सेल्टिक्सच्या तेव्हाच्या बॉसला, डॅनी एंजला फोन केला, पण तेव्हा टीममध्ये त्याच्याच जागेवर (गार्ड) कायरी, रोझिअर, आणि मार्कस स्मार्टचं काँट्रॅक्ट लटकलेलं. शेवटी डेन्व्हरने मिनिममवर (लीगने ठरवलेला किमान पगार), म्हणजे साधारण २० लाख डॉलरला, एक वर्षासाठी घेतलं कारण कोच मलोन त्याला आधीच्या सॅक्रामेंटो टीमपासून ओळखायचा. खेळला किती? १२ मॅच.

मी असतो तर नको म्हटलं असतं. मिनिममचे पैसे फार नाहीत हो, पण चौथा गार्ड म्हणून बाकावर बसवायचं आणि सेल्टिक्सच्या घरच्या टीडी गार्डन स्टेडियममध्ये पब्लिक रोज त्याच्या नावाने ओरडणार, कोचच्या डोक्याला ताप नुसता. तरी मुलगा "मिनिमम, एकच वर्ष, आधी खुब्याचा रिपोर्ट दाखवा" एवढं बोलला असता ना, तर पॅनेलने ऐकून घेतलं असतं.

म्हणून सीएचं आत्ता ठरवू नका. कॉमर्सचा मुलगा आहे, सॅलरी कॅप (टीमच्या पगारखर्चाची मर्यादा) म्हणजे शेवटी बजेटच, त्या वर्षी १० कोटी १८ लाख डॉलर होती. त्याला सांगा, सेल्टिक्सच्या त्या सीझनच्या सगळ्या खेळाडूंचे पगार एक्सेलमध्ये मांड आणि कोणाला किती मिनिटं मिळणार तेही समोर लिही. दोन रविवारात तुम्ही मागे न लागता केलं तर पुढच्या वर्षी परत इंटरव्ह्यूला जाऊ दे, कंटाळला तर मग सीएचं बोलू. आणि आपल्याकडे या लाइनमध्ये सुरुवात इव्हेंट नाहीतर स्पॉन्सरशिपच्या कामाने होते, टीम निवडायला कोणी बसवत नाही, हे त्याला आत्ताच कळू दे.

शीट झाली की मला पाठवायला सांगा, इसायाची ओळ त्याने कुठे घातलीय तेवढं बघतो.