कोऱ्या फॉर्मवर सही करू नकोस

पत्र : मावशी, दांडिया बाजारात दोन खोल्यांत आम्ही चौघं भाड्याने राहतो. आता वाघोडिया रोडवर ४८ लाखांचा फ्लॅट ठरतोय. ३८ लाखांचं कर्ज आम्हा दोघांच्या नावावर काढायचं आहे. ह्यांचा मावसभाऊ गृहकर्जाचा एजंट आहे. तो म्हणतो, "वहिनी, आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. फॉर्मवर नुसत्या सह्या करा, बाकी मी भरतो." माझी झोप उडाली आहे. २०२१ मध्ये मी माझ्या भावाच्या ४ लाखांच्या कर्जाला जामीन राहिले. मधे त्याचे पाच हप्ते चुकले. आता तो भरतोय, पण ह्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. काहीतरी कारण सांगून माझं नावच कर्जातून काढून घेऊ का?
– एक वाचक, बडोदे

नाव काढून घेऊ नकोस. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं निस्तरता येईल, हे येणार नाही. तुझा पगार धरला नाही तर कर्ज कमी मिळेल, हे झालंच. पण घराच्या मालकीत ज्यांची नावं असतात त्या सगळ्यांना बँका सहसा कर्जातही घेतात. तू कर्जातून बाहेर पडलीस की खरेदीखतातूनही बाहेर पडशील. शिवाय एवढ्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही. म्हणजे साडेनऊ लाखांहून जास्त रक्कम तुम्ही पदरची घालणार, आणि त्यात तुझीही बचत असेलच. ती घालून बिननावाची राहणार आहेस का?

आता जामीनकीचं. ती बँकेपासून लपत नाही. ज्या कर्जाला तू जामीन आहेस ते तुझ्या स्वतःच्या सिबिल अहवालात, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदीत दिसतं, आणि चुकलेले हप्तेही दिसतात. दोघं अर्जदार म्हटल्यावर बँक दोघांचे अहवाल काढणार. फॉर्ममध्येही सहसा सरळ विचारलेलं असतं, की तुम्ही कुणाला जामीन आहात का? तू कोऱ्या फॉर्मवर सही केलीस तर तिथे "नाही" लिहिलं जाईल. भाऊजींच्या मनात वाईट असेल असं नाही, फाईल लवकर पुढे सरकावी एवढंच असेल. पण बँकेला दिलेली खोटी माहिती तुझ्या सहीची ठरेल. म्हणून तो फॉर्म तू स्वतः, तुझ्या हाताने भर.

त्याआधी आपला अहवाल बघून घे. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. भावाने भरलेले हप्ते त्यात थकीतच दिसत असतील तर लगेच तक्रार कर. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते. भावाकडून त्याच्या कर्जखात्याचा उतारा मागून घे, बाकी किती आहे तेही विचार. उरलेलं आधी फेडून त्याला बँकेकडून ना-देय दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, आणता आलं तर फारच चांगलं. पाच चुकलेल्या हप्त्यांनी कर्ज नाकारलंच जाईल असं नाही. बँक प्रश्न विचारेल, कदाचित रक्कम कमी करेल.

पण तुझी झोप बँकेमुळे उडालेली नाही.

माझे वडील एका मित्राला जामीन राहिले होते. आईला ते कळलं वसुलीच्या नोटिशीतून. नोटीस गुजरातीत होती, आईला ती लिपी वाचता येत नव्हती, म्हणून शेजारच्या बेननी ती तिला वाचून दाखवली. पैसे नंतर फिटले. पण पुढे कित्येक वर्षं आई एकच म्हणायची, "माझ्याआधी शेजारणीला कळलं." तुझ्या घरात ती शेजारीण भाऊजी होणार आहेत. तुझं स्टेटमेंट, तुझा अहवाल त्यांच्या फोनमध्ये गेला की तुझ्या नवऱ्याला हे मावसभावाकडून कळेल, तेही "वहिनी काही बोलल्या नाहीत का?" अशा शब्दांत. त्यात त्याचा अपमान आहे, आणि तो तू टाळू शकतेस.

म्हणून कागद देण्याआधी त्याला सांग. घरात नको, दोन खोल्यांत सासूबाईंच्या कानावर न पडेल असं काही बोलता येत नाही. कमाटीबागेत जा, एका बाकावर बसा, तुझा अहवाल आणि भावाच्या खात्याचा उतारा सोबत ठेव. भावाची बाजू मांडत बसू नकोस. "मी सही केली, तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं" इथून सुरुवात कर आणि आकडे त्याच्या हातात दे. तो चिडेल. चिडू दे, त्याला तो हक्क आहे. त्याच संध्याकाळी कर्जाचा निर्णय मागू नकोस.

मग कागदांचं. बँकेला पगार, कर्जं, देणी विचारायचा अधिकार आहे, तिथे काही राखून ठेवू नकोस. पण हे सगळं नातेवाईकाच्या फोनमध्ये जायलाच हवं असं नाही. दोघं मिळून शाखेत जा किंवा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चढवा. आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत डाउनलोड करता येते, आधी तीच दे. प्रत्येक झेरॉक्सवर "फक्त गृहकर्जासाठी", बँकेचं नाव, तारीख आणि आडवी सही. स्टेटमेंट स्वतः डाउनलोड करून दे. नेटबँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाच नाही, भाऊजींनाही नाही. आणि एजंटने तुमची माहिती इकडेतिकडे केली तर "तो आमचा नोकर नाही" म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत, त्याच्या कामाची जबाबदारी तिचीच. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

भाऊजींना काय सांगायचं ते नवऱ्यावर सोड. "कागद आम्हीच शाखेत दिले, फाईल तुझ्याच नावाने लागू दे," एवढं त्याने म्हटलं तरी त्यांचं कमिशन बुडत नाही आणि नातंही राहतं. कमाटीबागेतून आल्यावर मला लिही. तो काय म्हणाला ते मला खरंच ऐकायचं आहे.

– मावशी