चकचकीत भांड्याचा आकडा खरा धरू नकोस

इन्फ्रारेड थर्मामीटर नवा घेतलायस ना, मग आधी हे करून बघ. स्टीलच्या चकचकीत पातेल्यात उकळतं पाणी घे आणि बाहेरून नेम धर. आकडा खूपच कमी येईल. यंत्र बिघडलेलं नाही. गुळगुळीत धातू स्वतः फार थोडे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो आणि आरशासारखे आजूबाजूचेच परत पाठवतो. म्हणजे तू भिंतीचं तापमान मोजतोयस! आता पातेल्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटव, मिनिटभर थांब, टेपवर नेम धर. आकडा शंभराच्या जवळ जाईल. टेपची उत्सर्जकता, म्हणजे असे किरण सोडण्याची क्षमता (जास्तीत जास्त 1), सुमारे 0.95, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची जेमतेम 0.05.

रंगाला मात्र फसू नकोस. पांढरा ऑइलपेंटसुद्धा या किरणांच्या बाबतीत जवळजवळ काळाच असतो, 0.9 च्या आसपास. मला हे पटायला फार वेळ लागला, म्हणून मुद्दाम सांगतोय.

काचेतून पलीकडचं मोजायला जाऊ नकोस, काच हे लांब तरंगलांबीचे किरण अडवते. आणि यंत्रावर 12:1 लिहिलं असेल तर 12 सेंटिमीटरवरून 1 सेंटिमीटरचा ठिपका मोजला जातो, तेव्हा जवळ जा. लेझरचा लाल ठिपका फक्त नेमासाठी असतो.