सेंट पीटर्सबर्गमधील सम्राज्ञी एलिझाबेथच्या उन्हाळी राजवाड्याचे पुढे काय झाले?

रास्त्रेल्ली या वास्तुकाराने बांधलेला हा राजवाडा युद्धात किंवा क्रांतीत नष्ट झाला नाही. सम्राट पहिला पावेल याने तो १७९७ मध्ये पाडून घेतला आणि मोइका व फोंतान्का या नद्यांच्या काठी, त्याच जागेवर, खंदकांनी वेढलेला मिखाइलोव्स्की किल्ला उभारला. जुना वाडा मुख्यतः लाकडी होता, तर जिवाच्या भीतीने ग्रासलेल्या पावेलला भक्कम दगडी निवासस्थान हवे होते. परंतु १७५४ मध्ये ज्या जागी त्याचा जन्म झाला, तेथेच, नव्या किल्ल्यात राहायला आल्यावर जेमतेम चाळीस दिवसांत, मार्च १८०१ मध्ये शयनगृहात त्याचा खून झाला. मात्र जवळच्या उन्हाळी उद्यानातील लहानसा राजवाडा पीटर द ग्रेटचा असून तो आजही उभा आहे; या दोन वास्तूंची गल्लत करू नये.