अख्खी गाय बघ

इंदूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा महूहून येऊन तू ओसरीवर वही उघडलीस. सगळ्यात दुधाळ गाईचा वळू घ्यायचा, त्याच्या मुलींतली पुन्हा सगळ्यात दुधाळ निवडायची. असं करत गेलं तर दूध कुठवर वाढेल, असं विचारलंस. उत्तर राहून गेलं. पण तुझ्या वहीत दुधाखेरीज दुसरा रकानाच नाही, हे मला रात्रभर खुपलं.

अख्खी गाय बघ. आपण लिटर निवडतो, वासराच्या वाट्याला मात्र अख्खी आई येते: तिची कास, खूर, माजावर येणं, उन्हातली धाप. होल्स्टीन या विदेशी दुधाळ गाईचं दूध वाढत गेलं तसं तिचं गाभण राहणं अवघड झालं. व्याल्यावर खाण्यातून भागणार नाही इतकं दूध कासेत उतरतं, गाय अंगावरची चरबी झिजवते आणि माज लांबतो.

निवड नवं काही घडवत नाही गं! कळपात आहे त्यातलंच वेचते. १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूला १६,००० मुली झाल्या. त्याच्या एका जनुकात दोष होता. तो आई-बाप दोघांकडून आला तर गर्भ पोटातच जातो. त्या दोषापायी जगभर सुमारे ५ लाख गर्भपात झाले, असा अंदाज आहे. दोष कुणी निवडला नव्हता, दुधाबरोबर आला. म्हणून म्हणतो, अख्खी गाय बघ.

मीही चुकलो. एका गोठ्यात एकाच वळूचं कृत्रिम रेतन त्याच्याच मुलींना देत राहिलो. अंतःप्रजनन म्हणजे जवळच्या नात्यात पैदास, आणि बाप-लेकीच्या वासरात ते २५ टक्के, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. कालवडी उलटू लागल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहीनात, दोन वासरं मेलेली निघाली. गवळी मला एक शब्द बोलला नाही, ते अजून बोचतं. तरी, तेव्हा जवळपास दुसरा चांगला वळू नव्हता, घरोघरी दूध हवं होतं, आणि पहिल्या वेताला चरवी भरलेली बघून थांब म्हणणारं कुणी नव्हतं. तुला म्हणणारा मी आहे, तर ऐक.

निवड सोड असं नाही म्हणत. रविवारी ये, वहीत दुधाशेजारी रकाने आखून आण: दोन वेतांतलं अंतर, किती रेतनांत गाभण राहिली, थनैला (कासेची सूज), खूर. प्रत्येक वळूचा बाप आणि आजाही लिही. मग आगरकडे माळवी गाई बघायला जाऊ. दूध कमी देतात, पण तू त्यांचे खूर बघ.

तुझा,
काका