१२ वर्षं जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन), फक्त ८५ तास चाललेलं, सर्व्हिस एकदाही नाही. बोट घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, पण पैसे ८५ तासांच्या इंजिनाचे देऊ नका, १२ वर्षांच्या इंजिनाचे द्या. विकणारा म्हणतोय "फारशी चालवलीच नाही, मग सर्व्हिस कशाला करू" आणि तुम्हालाही ते पटलेलं दिसतंय, कारण शेवटी तुम्ही विचारलंय की हे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक जवळजवळ नवंच धरायचं ना? नाही धरायचं.

साधा हिशोब करा. ८५ तास आणि १२ वर्षं, म्हणजे वर्षाला जेमतेम ७ तास, बाकी सगळं वर्ष इंजिन नुसतं उभं. मॅन्युअलमध्ये बहुतेक सगळ्या कंपन्या लिहितात की १०० तास किंवा १ वर्ष, जे आधी होईल तेव्हा सर्व्हिस. तासांनी बघितलं तर तो माणूस खोटं बोलत नाहीये, १०० झालेच नाहीत. वर्षांनी बघितलं तर डझनभर सर्व्हिस बुडाल्यात. त्यात नव्या इंजिनाची पहिली सर्व्हिस साधारण २० तासांवर असते, नवे पार्ट घासून बसताना जो बारीक कीस सुटतो तो तेलाबरोबर बाहेर काढायला, म्हणजे इथे गिअरमध्ये अजून फॅक्टरीतलंच तेल असणार.

उभं राहून सगळ्यात आधी जातो तो इंपेलर. खाली लोअर युनिटच्या (पंखा आणि गिअर असलेला इंजिनाचा खालचा भाग) वर पाण्याचा पंप असतो, त्यात रबराची पाती असलेलं छोटं चाक, आणि ही पाती पंपाच्या डबीत कायम एका बाजूला वाकलेलीच बसतात. इंजिन चालत असेल तर ठीक, पण वर्षानुवर्षं कोरडं उभं असेल तर रबर त्याच वाकात कडक होतं, जुना रबरबँड ताणला की कसा तडकतो तसं, आणि मग चालू केल्यावर एखादं पातं तुटतं. तुटलेला तुकडा बाहेर पडत नाही, तो पाण्याच्या वाटेने वर जाऊन थर्मोस्टॅटच्या (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप) आसपास कुठेतरी अडकतो. म्हणून जुना इंपेलर काढला आणि पाती कमी भरली तर नवा टाकून गप्प बसायचं नाही, आधी ते तुकडे शोधायचे. इंपेलर तसा स्वस्त असतो पण त्यासाठी लोअर युनिट खाली उतरवावं लागतं, आणि खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनाचे स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये इतके घट्ट धरून बसतात की कधी कधी बोल्टच तुटतो, मग तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. कोणी १२ वर्षांत तो बोल्ट एकदाही सोडवून ग्रीस लावलेलं नाही हे लक्षात ठेवून किंमत बोला.

दुसरं पेट्रोल. टाकीत किती जुनं पेट्रोल आहे ते विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी ते काढून टाकायचंच आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळीही तळातूनच ओढते. कार्ब्युरेटरवालं असेल तर जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकांत) चिकट थर बसलेला असतो, इंजेक्शनवालं असेल तर इंजेक्टर आणि प्रेशर पंपाला त्रास, आणि तो खर्च जास्त. नळ्या आणि हाताने दाबायचा फुगा सरळ नवे घाला, त्यात विचार करत बसू नका.

आता गिअर ऑइल, हे मात्र तुम्ही स्वतः तिथे उभं राहून बघाच. बोट रात्रभर न हलवता ठेवलेली पाहिजे. लोअर युनिटला दोन स्क्रू असतात, खालचा आणि वरचा. आधी खालचा हळूच सैल करा, वरचा बंद असताना तेल भसकन येत नाही, नुसतं झिरपतं, आणि पाणी जड असल्यामुळे आत पाणी असेल तर तेच पहिल्यांदा येतं. कुठे पाणी मुरतंय ते इथे खरोखर डोळ्यांनी दिसतं. तेल दुधाळ असेल तर सील गेलंय, बरेचदा पंख्यामागे मासेमारीची दोरी गुंडाळून सील कापलेलं असतं. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी चिखलासारखं काही असेल तर चालतं, पण बोटाला टोचेल असा कण लागला तर गिअरचे दाते गेलेत, ही बोट घेऊच नका किंवा नव्या लोअर युनिटची किंमत वजा करा. स्क्रू परत लावताना वॉशर नवा घाला. आणि तेल अगदीच स्वच्छ निघालं तर खूश होऊ नका, सर्व्हिस कधीच केली नाही म्हणणाऱ्याच्या इंजिनात नवं कोरं तेल कुठून आलं? ट्रायल झाल्यावर परत एकदा बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) मेकॅनिककडून करून घ्या. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी फुल चार्ज, इग्निशन बंद. आकडा किती यायला हवा यावर नेटवर लोक भांडत असतात पण तो इंजिनाप्रमाणे बदलतो, तुम्हाला बघायचंय ते सिलिंडर एकमेकांशी जुळतात का, १० ते १५ टक्क्यांच्या आत असतील तर ठीक. उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून जातं, दमट हवेत तिथे गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात, त्यामुळे एखादाच सिलिंडर कमी दाखवतोय असं दिसू शकतं. थोड्या वापरानंतर कधी कधी रिंगा सुटतातही, पण त्या आशेवर पूर्ण पैसे देऊ नये.

आणि हो, ते ८५ तास तरी खरे आहेत का? डॅशवरचा मीटर बदलता येतो, वायर काढून ठेवता येते. इंजेक्शनवालं इंजिन असेल तर डीलर लॅपटॉप लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून तास काढून देतो, कुठल्या आरपीएमला किती तास चाललं तेही बऱ्याच मॉडेलमध्ये येतं, जुने फॉल्टही दिसतात. विकणारा याला नाही म्हणाला तर मी तिथूनच परत फिरेन, बाकी कशाला नाही म्हणाला तर एकवेळ समजून घेईन.

ट्रायलला जाण्याआधी इंपेलर बदलून घ्या, जुन्याच पंपावर फुल थ्रॉटल देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. विकणारा तयार नसेल तर तो खर्च तुम्ही करा, सौदा झाला तर किमतीतून वळता होईल असं आधीच बोलून ठेवा. पोचल्या पोचल्या कव्हरला हात लावा, गरम लागलं तर तो आधीच चालू करून बसलाय. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सुरू करायचं, खरं दुखणं थंड स्टार्टलाच कळतं. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार यायला पाहिजे, नाही आली तर लगेच बंद. धार आली म्हणजे सगळं कूलिंग ठीक असंही नाही, म्हणून थोडा वेळ फुल थ्रॉटलला पळवा, अलार्म वाजतो का बघा आणि आरपीएम मॅन्युअलमध्ये दिलेल्या रेंजमध्ये पोचतोय का बघा. मग बंद करून १० मिनिटांनी गरम असतानाच परत स्टार्ट करा.

बोटीचा ट्रान्सम (मागची भिंत, जिच्यावर इंजिन बसवलेलं असतं) विसरू नका, लोक इंजिनातच अडकतात. इंजिन अर्धं वर टिल्ट करून खालच्या टोकावर वजन टाका आणि कोणाला तरी ट्रान्सम बघायला सांगा, तो हलत असेल तर आतलं लाकूड कुजलंय आणि मग इंजिन कितीही चांगलं निघालं तरी त्या किमतीला ही बोट नको.

किमतीचं म्हणाल तर इंपेलर, थर्मोस्टॅट, दोन्ही तेलं (इंजिनाचं आणि गिअरचं), फिल्टर, प्लग, नळ्या, ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) आणि टायमिंग बेल्टवालं मॉडेल असेल तर बेल्ट, एवढ्याचा मजुरीसकट अंदाज मेकॅनिककडून लेखी घ्या आणि तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवा. त्यातून कॉम्प्रेशन आणि गिअर ऑइल ठीक निघालं तर घ्या, इंजिन अजून बरीच वर्षं चालेल. तो म्हणेल की कमी तासांचं इंजिन आहे, किंमत कमी होणार नाही. मग त्याला सांगा, आजवरच्या राहिलेल्या सगळ्या सर्व्हिस तू करून दे, मी तुझ्या किमतीला घेतो.