मूत्रपिंडात कॅल्बिंडिन नेमकं कुठे असतं?

तुम्ही नागपूरला एम.एस्सी. करताय आणि कॅल्शियमला बांधणारं प्रथिन कॅल्बिंडिन-डी२८के किडनीच्या कोणत्या पेशींत शोधायचं, असं विचारलंय. मुख्यतः मूत्र वाहणाऱ्या सूक्ष्म नळीच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे दूरस्थ नलिकेच्या शेवटच्या भागात आणि तिच्यापुढच्या जोडनलिकेत. निकट नलिकेत, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या भागात, बघत बसू नका.

पेशीच्या आत ते पेशीद्रवात विखुरलेलं असतं, थोडं केंद्रकातही. पेशीद्रवातलं कॅल्शियम कमी झालं की ते वरच्या (मूत्राकडच्या) पटलाजवळ, कॅल्शियम आत घेणाऱ्या टीआरपीव्ही५ वाहिनीपाशी सरकतं. तिथून आत आलेलं कॅल्शियम धरून खालच्या (रक्ताकडच्या) पटलापर्यंत पोचवतं, म्हणजे पेशीत मोकळ्या कॅल्शियमचा पूर येत नाही. मला यातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. पुढे सोडियम-कॅल्शियम विनिमयक आणि कॅल्शियम पंप ते रक्ताकडे ढकलतात.

इथल्या लॅबमध्ये आम्ही मुलांना कॅल्बिंडिनसाठी रंगवलेली स्लाइड दाखवतो तेव्हा ग्लोमेरुलसशेजारी (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाशेजारी) ब्रशसारखी किनार असलेल्या निकट नलिका फिक्या दिसतात आणि मधूनच एखादी नळी गडद तपकिरी. जोडनलिकेत मात्र सगळ्याच पेशी रंगत नाहीत. मधल्या इंटरकॅलेटेड पेशी (आम्ल-अल्क समतोल राखणाऱ्या) कोऱ्या राहतात, त्याला स्टेनिंग बिघडलं समजून स्लाइड टाकून देऊ नका.

ड जीवनसत्त्वामुळे या प्रथिनाचं प्रमाण वाढतं, तेव्हा प्राण्यांचा आहार नोंदवून ठेवा.